झाड सगळ्यात शेवटी

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेलं भाषण)

मैत्रिणींनो, आज तुमच्याबरोबर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनाही रेडिओजवळ बसवून घ्या, कारण आजचा विषय त्यांचा आहे. उघडा पडलेला डोंगर, वाहून गेलेली माती, आटलेली विहीर हे सगळं दुरुस्त कसं करायचं आणि त्यात तरुण पोरांनी नेमकं काय करायचं, यावर बोलायचं आहे.

सुरुवात एका खड्ड्यापासून करते. दरवर्षी ५ जूनला पर्यावरण दिन असतो. आमच्या गावात त्या दिवशी डोंगरावर झाडं लावतात. रोपं येतात, फोटो निघतात, चहा होतो. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही गटातल्या बायका आणि गावातली पोरं-पोरी मिळून गेलो. तेव्हा अकरावीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, खड्डा मागच्या वर्षीचाच आहे. इथं मीच लिंब लावला होता." मी म्हटलं, मग तो गेला कुठं? ती म्हणाली, "तेच तुम्हाला विचारायचं होतं."

तिथंच उभं राहून आम्ही उत्तर शोधायला लागलो. वीतभर खणलं की खाली मुरूम लागत होता, म्हणजे मुळांना माती नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोप लावलं, पण आमच्या पर्जन्यछायेच्या भागात खरा पाऊस पुष्कळदा भाद्रपदातच येतो. तोवर पाणी घालणारं कुणी नव्हतं. आणि जी चार रोपं जगली, ती शेळ्यांनी खाल्ली. माती नाही, पाणी नाही, राखण नाही. अशा जागी दरवर्षी एक झाड लावणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतत राहणं. झाड हवंच, पण दुरुस्तीच्या यादीत त्याचा नंबर शेवटी लागतो. त्याच्या आधी काय करायचं, ते क्रमानं सांगते.

माती जाते कशी

घरी एक प्रयोग करून बघा. दोन पराती घ्या, दोन्हींत माती पसरा आणि दोन्ही एका बाजूनं थोड्या उचलून तिरप्या ठेवा. एकीतल्या मातीवर ओलं गोणपाट अंथरा, दुसरी उघडी ठेवा. आता दोन्हींवर तांब्यानं वरून पाणी ओता. उघड्या परातीतलं पाणी लाल-काळं होऊन लगेच खाली येईल आणि माती घेऊन येईल. गोणपाटाखालचं पाणी उशिरा येईल, कमी येईल आणि बरंचसं निवळ असेल. डोंगरावरचं गवत आणि पालापाचोळा हे ते गोणपाट आहे. सरपणासाठी झाडं तुटली, बारमाही चराईनं गवत संपलं आणि आपली परात उघडी पडली. सेंटीमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती जायला वळवाचे दोन-चार जोरदार पाऊस पुरतात.

माती गेली की पाणीही जातं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे. हा दगड स्पंजासारखा पाणी शोषत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि दगडाच्या भेगांत. आपल्या पायाखाली समुद्र नाही, एक उथळ टाकी आहे. पावसाळ्यात ती भरायची आणि वर्षभर पुरवायची. डोंगरावरून पाणी धावत सुटलं, तर टाकी भरायला त्याला थांबायची सवडच मिळत नाही.

माथ्यापासून पायथ्याकडे

म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम आहे माथा ते पायथा. काम डोंगराच्या डोक्यापासून सुरू करायचं आणि खाली यायचं. खाली ओढ्यात आधी बंधारा बांधला, तर वरून येणारा गाळ दोन-तीन पावसाळ्यांत त्याला भरून टाकतो.

वरच्या उतारावर समतल चर खणतात. समतल म्हणजे चराचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच उंचीवर. तो थोडा जरी तिरका झाला, तरी पाणी एका टोकाला गोळा होतं, बांध फोडतं आणि आधीपेक्षा मोठी घळ पाडतं. त्यामुळे खणण्याआधी आखणी महत्त्वाची. ही आखणी शाळेतल्या पोरांनाही जमते. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी बांधायची आणि वरच्या टोकावरून दोरीला दगड लटकवायचा. दिसायला इंग्रजी ए अक्षर, म्हणून तिला ए-फ्रेम म्हणतात. फ्रेम एका जागी उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं लागते तिथं खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर पुन्हा उभी करायची आणि दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करायची. दोरी या तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजायचं. असं पावलापावलानं पुढं जात फक्कीनं रेघ मारत न्यायची. ती डोंगराच्या अंगानं वळत जाते. वळू द्यावी, तिला सरळ करायला जाऊ नये.

चर साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल धरला, तर १० मीटर लांबीत १,८०० लिटर पाणी मावतं. म्हणजे २०० लिटरची नऊ टिपाडं. एक पाऊस झाला की नऊ टिपाडं मुरली, दुसरा झाला की पुन्हा नऊ. खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला बांधासारखी टाकायची आणि तिच्यावर पहिल्या पावसात मारवेल, पवना किंवा स्टायलोचं बी टाकायचं. झाडाच्या आधी गवत, कारण माती धरून ठेवायला गवताच्या मुळ्या आधी तयार होतात.

त्याच्या खाली ओघळींमध्ये दगड रचून छोटे अनगड दगडी बांध. त्याच्या खाली शेतांची बांधबंदिस्ती. सगळ्यात खाली ओढ्यावर माती नाला बांध किंवा सिमेंटचा बंधारा. आणि मग झाडं. तीही चराच्या बांधालगत, ओल पकडून, दोन पाऊस पडून गेल्यावर. बोर, बाभूळ, हिवर, लिंब, करंज, सीताफळ ही आपल्या रानातली, कमी पाण्यावर तगणारी झाडं. सीताफळाला आणि करंजाला शेळी सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे राखणीच्या अडचणीच्या जागी ती आधी लावावीत.

हे काही नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आत्यांनी सुकडी खाऊन, खडी फोडून, मातीच्या पाट्या वाहून पाझर तलाव आणि नाला बांध उभे केले. रोजगार हमीचं ते काम होतं. अलीकडे २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं या शास्त्राला गावागावांत नेलं. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई असे तीनच तालुके होते. २०१८ ला ते ७५ झाले. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू जिंकलं, २०१८ ला माण तालुक्यातली टाकेवाडी जिंकली. उन्हाळ्यातले ४५ दिवस गावंच्या गावं पहाटे कुदळ-फावडी घेऊन डोंगरावर जात होती आणि त्यांत पुढं होती ती तरुण पोरं-पोरी. काम करायची तयारी आपल्या मुलांत आहे का, हा प्रश्न तेव्हाच सुटला.

आमचं काय चुकलं

आता थोडं अवघड बोलते. २०१८ च्या उन्हाळ्यात आमच्या गावातही श्रमदान झालं. मी स्वतः दीड महिना गेले. त्या वर्षी पाऊसच रुसला. पण २०१९ ला चांगला झाला आणि दिवाळीनंतरही विहिरींना पाणी होतं. ज्यांनी चर खणले त्या पोरांची गावानं मिरवणूक काढली.

मग पाणी आलंय म्हटल्यावर ऊस आला. उसाला विहीर पुरेना म्हणून बोअर आले. एकाचा २०० फूट, तर शेजाऱ्याचा ४००. खोल बोअर शेजारच्या विहिरीकडे येणारं पाणीही ओढून घेतो. वर्षाच्या पाण्यानं भरणारी उथळ टाकी आम्ही खालून भोकं पाडून उपसायला लागलो. काहींनी प्लास्टिकचं अस्तर लावलेली शेततळी केली आणि ती विहीर-बोअरच्या पाण्यानं भरली. जमिनीखाली झाकलेलं सगळ्यांचं पाणी वर आणून उन्हात ठेवलं. तेवढ्यात पोरं नोकरीधंद्याला पुण्या-मुंबईला गेली, चर गाळानं भरले, ते काढायला कुणी उरलं नाही. २०२३ चा पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात गावात पुन्हा टँकर आला.

यात माझाही वाटा आहे, तो लपवून हे भाषण पुरं होणार नाही. त्यातल्या काही बोअरना आमच्या बचत गटांचं कर्ज होतं. बाईच्या नावावर कर्ज, नवऱ्याच्या शेतात बोअर. कागदांवर सह्या माझ्यासमोर झाल्या. हप्ते वेळेवर येतील का एवढंच मी विचारलं. पाणी कुठून येईल हे विचारलं नाही. दोन बोअर कोरडे गेले. पाणी नाही, पण हप्ता राहिला, आणि तो बाईनं मजुरीला जाऊन फेडला.

खणलेलं टिकतं कशानं

ज्या गावांचं टिकलं, त्यांनी वेगळं काय केलं? नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते एम.कॉम. झालेले, तिशीच्या आतले तरुण होते. त्या गावानं चर खणले, बंधारे बांधले, तसं अनेक गावांनी केलं. पण त्यांनी सोबत नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरबंदी आणि पावसाच्या हिशेबाप्रमाणे पिकं. ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिकं नकोत असं ठरवलं.

त्याच्याही आधी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं ठरलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा, आणि ऊस नाही.

चराईबंदीचं नाव काढलं की आपल्या बायकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते खरंच आहे. शेळी ही आपली हक्काची कमाई. डोंगर बंद केला तर पहिला फटका जिच्याकडे जमीन नाही तिला बसतो. म्हणून नुसती बंदी घालून चालत नाही. हिवरे बाजारात जनावरं मोकळी सोडायला बंदी होती, पण गवत कापून न्यायला मुभा होती. चरांमुळे दोन पावसाळ्यांत गवत वाढतं, आणि कापून घातलेलं गवत जास्त पुरतं. डोंगराचा एक भाग दोन-तीन वर्षं बंद ठेवायचा, दुसरा उघडा, मग अदलाबदल करायची. गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीन बायकांचा असं ठरावात लिहून घ्यायचं. हे आधी ठरलं नाही, तर चराईबंदी कागदावर राहते आणि रात्री शेळ्या डोंगरावर जातात.

पाण्याचा जमाखर्च

आपल्याला गटाची हिशेबवही येते ना, तसाच पाण्याचा जमाखर्च असतो. एक गोष्ट पाठ करा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. आता एक गाव धरा. क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, लोकसंख्या १,५००. गावाच्या शिवारात पडलेलं पाणी झालं ५०० कोटी लिटर. प्यायला-वापरायला माणशी दिवसाला ५५ लिटर धरले, तर वर्षाला लागतात सुमारे ३ कोटी लिटर. शंभर रुपये पगारातले साठ पैसे!

मग टँकर का येतो? पडलेल्या पाण्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उन्हानं उडतं, आणि जे मुरतं ते पिकं पितात. एक हेक्टर उसाला पावसाचं धरून वर्षाला साधारण २ कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे दीड हेक्टर, पावणेचार एकर ऊस, आणि १,५०० माणसांच्या गावाचं वर्षाचं पाणी, हे सारखंच. हा हिशेब मी जेव्हा गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडला, तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी आमी हंडा घेऊन रांगेत हुबं ऱ्हातो, ते ह्या चार एकरापायी?" उत्तर इतकं सरळ नसतं, पण प्रश्न बरोबर होता.

तरुणांनी काय करायचं

आता मुलामुलींनो, तुमच्याकडे वळते. ४५ दिवस खणणं हे मोठं काम, पण ते एकदाचं. दरवर्षी करायची कामं छोटी आहेत आणि तीच सुटतात.

पहिलं, पाऊस मोजा. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी एकाच वेळी पट्टीनं पाणी मोजा, लिहा आणि ओतून टाका. डब्यात जितके मिलिमीटर, तितका पाऊस.

दुसरं, विहिरी मोजा. दोरीला फुटाफुटावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. काठापासून पाणी किती खाली आहे ते पावसाळा संपल्यावर एकदा, जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा लिहा. विहीर तीच, काठावरची खूण तीच. कठड्यावरून वाकून नाही, मोठं माणूस सोबत घेऊनच.

तिसरं, दरवर्षी वैशाखात चरांतला गाळ काढा. गाळ म्हणजे आपलीच वाहून आलेली माती. ती झाडांच्या आळ्यात टाका.

चौथं, ग्रामसभेला जा. अठरा पूर्ण झाले आणि मतदार यादीत नाव असलं, की तुमचं मत सरपंचाच्या मताइतकंच. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. हा हिशेब तिथं आधी मांडा, म्हणजे मोठ्या सभेत एकटीला उभं राहावं लागत नाही.

ती खड्ड्यावाली मुलगी आठवते ना? तिनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी आमच्या गटाच्या जुन्या वहीत बारा विहिरी मोजून लिहिल्या. पहिल्याच वर्षी एका विहिरीत ऑक्टोबरला सोळा फूट पाणी होतं, जानेवारीत पाच. शेजारी नवा बोअर झाला होता. ग्रामसभेत तिनं आकडे वाचले, तेव्हा एक काका म्हणाले, "पोरींच्या दोरीवर गावानं चालायचं का?" ती म्हणाली, "काका, दोरी इथंच आहे. चला, तुम्ही मोजा." दोन-तीन जण खरंच उठून गेले आणि मोजून आले. आकडा तोच निघाला.

त्या दिवशी बोअरबंदीचा ठराव झाला नाही. खोटं कशाला सांगू? पण दोन गोष्टी झाल्या. चरांचा गाळ दरवर्षी काढायचा ठरला आणि विहिरींचे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायचे ठरले. गटांच्या बाजूनं आम्हीही ठरवलं की नव्या बोअरला गटाचं कर्ज नाही. ठिबकला, चारा कापायच्या यंत्राला, गोठ्यातल्या शेळीपालनाला आहे. सही करताना आता मी दोन प्रश्न विचारते. हप्ता कुठून येईल, आणि पाणी कुठून येईल.

मैत्रिणींनो, काही जणी म्हणतात, पोरी काय, लग्न होऊन जातील, मग वही कोण लिहिणार? जातील खऱ्या. म्हणून प्रत्येकीनं आपल्याहून लहान एकीला शिकवून ठेवायचं, असा नियम या चौघींनी स्वतःच केला आहे. आणि गेली तरी दोरीला गाठी मारायची विद्या सोबत जाते. सासरच्या गावालाही विहीर असतेच.

येत्या बैठकीला येताना तुमच्या गल्लीतल्या एका विहिरीचा आकडा लिहून आणा. नसेल वही, तर पासबुकाच्या मागच्या पानावर लिहा. आणि या ५ जूनला झाड लावायची घाई करू नका. त्या दिवशी चरातला गाळ काढा, खड्डा करून ठेवा, पाऊस येऊ द्या. मग लावा.